कर्तृत्ववान मित्रमैत्रिणींचा गौरव कसा करावा?

वारणाकाठ

सदस्यहो, नमस्कार.

वाळवा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतून १९८९ साली दहावी झालेली आमची तुकडी येत्या हिवाळ्यात पुन्हा एकत्र येणार आहे. या निमित्ताने आमच्यातल्या तिघांचा गौरव करावा असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. पहिला मित्र शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवतो. ट्रॅक्टर आणि पंपांना लागणारी कास्टिंग्ज, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून घडवलेले भाग, तो बनवतो, आणि दुसऱ्याच्या शेडमध्ये भाड्याने भट्टी घेऊन सुरू केलेल्या त्याच्या कामावर आज अनेक कुटुंबे उभी आहेत. दुसरी आमची मैत्रीण तिच्या गावची सरपंच आहे आणि लोकांनी तिला दुसऱ्यांदा निवडून दिले आहे. तिसरा मित्र राज्य शासनाच्या सेवेत वरिष्ठ अधिकारी असून २०१९ च्या महापुरात त्याने मदतकार्यात केलेली धावपळ आमच्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिली आहे.

या तिघांचे सत्कार बाहेर पुष्कळ झाले. मात्र ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांच्या कामाची फारशी माहिती नव्हती. ज्यांनी त्यांच्याबरोबर एका बाकावर बसून अभ्यास केला, त्यांच्या पडत्या काळात ज्यांच्याकडे ते मन मोकळे करीत, त्या मित्रांनी मात्र त्यांचे कौतुक चारचौघांत कधी केलेले नाही. आपल्याकडे मित्राच्या यशाचा आनंद मनात ठेवण्याची सवय आहे, आणि ते मला बरोबर वाटत नाही. माणूस कामात असताना, त्याच्या हातून अजून बरेच घडायचे असताना, त्याला ओळखणाऱ्यांनी त्याचा गौरव करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो कसा करावा, त्यात काय असावे आणि काय कटाक्षाने टाळावे, याबद्दल आपले अनुभव कृपया सांगावेत.

सह्यवारा

विचार अतिशय चांगला आहे आणि तो जरूर तडीस न्यावा. माझी एकच सूचना आहे, ती मानपत्राबद्दल.

गेल्या काही वर्षांत मी ज्या सत्कार समारंभांना गेलो, तिथे वाचलेली मानपत्रे एकमेकांत बदलली असती तरी कोणाच्या लक्षात आले नसते. धडाडीचे, मनमिळाऊ, सर्वांना बरोबर घेऊन जाणारे हे शब्द त्यांत असतात, पण त्या माणसाने नेमके काय केले ते नसते. तुमच्या फौंड्रीवाल्या मित्राने २००८-०९ च्या मंदीत काय केले, हे तुमच्यापैकी कोणाला तरी ठाऊक असेलच. त्या काळात वाहन उद्योगाच्या ऑर्डरी थांबल्या आणि कोल्हापूर भागातल्या पुष्कळ फौंड्र्यांना पाळ्या कमी कराव्या लागल्या. तुमच्या मित्राने त्या काळात कामगार टिकवले असतील, पगारासाठी कर्ज काढले असेल किंवा एखादे यंत्र विकले असेल, तर ते मानपत्रात यायला हवे, कारण बाहेरच्या संस्थेला ही गोष्ट माहीत नसते आणि मित्रांना असते. मानपत्र एका पानाचे असले तरी चालेल, पण ते दुसऱ्या कोणालाही लागू पडता कामा नये.

चौकस

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो, राग मानू नये.

तुकडीत पन्नास-साठ जण असतील, त्यांतल्या तिघांना व्यासपीठावर बसवायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, याने मैत्रीत अंतर पडते. शिवाय उद्योग आणि राजकारण या दोन क्षेत्रांतील मित्रांचाच सत्कार का होतो, याचाही विचार करावा. ज्यांच्याकडून पुढे काही काम होण्याची शक्यता असते, त्यांचे सत्कार पुष्कळ होतात. आमच्या गावात एका स्थानिक नेत्याच्या वर्गमित्रांनी सत्कार ठरवला. आठवडाभर चौकाचौकांत त्यांचे फ्लेक्स होते आणि त्यावर सत्कार करणाऱ्यांचे फोटो नेत्याच्या फोटोपेक्षा संख्येने अधिक होते. पुढल्याच निवडणुकीत त्यांच्यापैकी दोघांना उमेदवारी मिळाली.

तुमचा हेतू तसा नाही हे तुमच्या लिखाणावरून दिसतेच. पण कार्यक्रम सार्वजनिक झाला की पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

वारणाकाठ

चौकस, राग अजिबात नाही. आपण मांडलेली भीती आमच्यातही काहींनी बोलून दाखवली आहे. फ्लेक्स लावायचा नाही हे आम्ही आधीच ठरवले आहे. परवानगीशिवाय फलक लावणे १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहेच, पण परवानगी मिळाली तरी आम्हाला तो नको आहे.

या तिघांकडून आम्हाला काही काम करून घ्यायचे नाही. तुकडीतले बहुतेक जण आता पन्नाशीच्या पुढे आहेत आणि आपापल्या जागी स्थिरावलेले आहेत. तरीही 'बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या' या आपल्या आक्षेपाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही. इतरांनी त्यावर लिहावे.

मुळाकाठची

अनुमोदन. कार्यक्रम नक्की करा.

जुनी_पाने

सत्काराचा विषय निघाला की मला १९१६ सालचा पुण्यातला प्रसंग आठवतो. जुलैच्या २३ तारखेला लोकमान्य टिळकांना ६० वर्षे पूर्ण झाली. मंडालेहून सुटून येऊन त्यांना दोनच वर्षे झाली होती. मित्र आणि चाहते गायकवाड वाड्यात जमले आणि त्यांनी मानपत्राबरोबर एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण केली. त्या काळात ही रक्कम किती मोठी होती, हे वेगळे सांगायला नको. टिळकांनी ती स्वतःसाठी ठेवली नाही, राष्ट्रकार्यासाठी देऊन टाकली.

सरकारनेही तोच मुहूर्त साधला. बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यावरच्या भाषणांबद्दल चांगल्या वर्तणुकीची हमी का घेऊ नये, अशी नोटीस त्यांच्यावर त्याच दिवशी बजावण्यात आली. २०,००० रुपयांचा जातमुचलका (स्वतःचे हमीपत्र) आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन त्यांच्याकडून मागण्यात आले. पुढे मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जीना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये तो आदेश रद्द झाला.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, त्या वाड्यात जमलेल्यांना या गौरवाची किंमत सरकारदरबारी मोजावी लागण्याची शक्यता होती आणि ते ठाऊक असूनही ते आले होते. चौकस यांनी लिहिलेल्या सत्कारात येणाऱ्याला लाभ होता, इथे आलेल्याला धोका होता. गौरव खरा की देखाव्याचा, हे तपासण्याची ही मला एक चांगली कसोटी वाटते. गौरव करणाऱ्याने स्वतःचे काय पणाला लावले, ते पाहावे.

हिशेबनीस

मी करसल्लागार आहे, त्यामुळे थोडे रूक्ष पण आवश्यक लिहितो.

पहिली गोष्ट आपल्या अधिकारी मित्राबद्दल. शासकीय सेवकाला पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही आणि स्वतःच्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला उपस्थितही राहता येत नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील १४ वा नियम याच विषयाचा आहे आणि राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही तशीच तरतूद आहे. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळी होणारा खाजगी, अनौपचारिक निरोप समारंभ याला अपवाद आहे. आपला मित्र अजून सेवेत आहे, तेव्हा त्याला एक तर रीतसर परवानगी घेऊ द्या, नाही तर त्याचा औपचारिक सत्कार निवृत्तीपर्यंत थांबवा. आपल्या प्रेमामुळे त्याच्यावर खुलासा देण्याची वेळ येऊ नये.

दुसरी गोष्ट थैलीबद्दल. नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती सर्व रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. मित्र कितीही जवळचा असला तरी कायद्याच्या व्याख्येत तो नातेवाईक नसतो.

तिसरी गोष्ट, सरपंच लोकसेवक असतात. त्यांना मौल्यवान भेटवस्तू देऊ नये. पुस्तक, रोप किंवा हाताने लिहिलेले मानपत्र पुरेसे आहे. निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली असेल, तर त्या काळात कार्यक्रमच ठेवू नये.

वारणाकाठ

हिशेबनीस, मनापासून आभार. अधिकाऱ्यांबाबतचा हा नियम आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. मित्राशी आजच बोलतो.

शब्दवेल

थैलीचे आकडे वाचल्यावर मला अगदी छोट्या खर्चाच्या एका सत्काराबद्दल लिहावेसे वाटते.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. समाजातल्या मुलाने हा टप्पा गाठणे त्या काळी अपूर्व होते, म्हणून मुंबईत त्यांच्या अभिनंदनासाठी सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक उपस्थित होते. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या दिवशी भीमरावांना भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षण पैशाअभावी अडले, तेव्हा याच केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९५६ साली नागपूरला जे घडले, त्याची एक सुरुवात त्या भेट मिळालेल्या पुस्तकापर्यंत मागे नेता येते.

भेट देणाऱ्याला घेणारा नीट ठाऊक होता, आणि सभा संपल्यावर त्याचे लक्ष त्या मुलावरून हटले नाही. आपल्या फौंड्रीवाल्या मित्राला किंवा सरपंच मैत्रिणीला पुढच्या कामात कशाची गरज आहे, हे आपण त्यांना विचारले आहे का? एखादा वर्गमित्र वकील असेल, एखादी मैत्रीण पाणलोटाचे काम जाणणारी असेल. त्यांनी आपला वेळ भेट द्यावा. शाल कपाटात जाते, वेळ कामी येतो.

चौकस

शब्दवेल आणि जुनी_पाने, दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. पण टिळक आणि आंबेडकर यांची उदाहरणे देऊन आपण माझा मूळ मुद्दा ओलांडून पुढे जात आहोत. ती माणसे असामान्य होती. आपण साध्या वर्गमित्रांबद्दल बोलत आहोत. तुकडीत एखादा असा असेल, ज्याने व्यवसाय काढला आणि तो बुडाला. एखादी अशी असेल, जी निवडणुकीत उभी राहिली आणि हरली. त्यांनी सभागृहात कुठे बसायचे?

लोणीची_वाट

चौकस यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका उदाहरणात दिसते.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्याचे श्रेय आपण विठ्ठलराव विखे पाटलांना देतो आणि ते योग्यच आहे. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करणारा तो शेतकरी माणूस होता. पण त्यांच्या बरोबरीने अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे राहिले. पुण्याच्या गोखले संस्थेतला हा विद्वान कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. एकाकडे लोकांचा विश्वास होता, दुसऱ्याकडे अर्थकारणाचे ज्ञान आणि सरकारदरबारी शब्दाला वजन होते. दोघांपैकी एक नसता, तर कारखाना उभा राहणे अवघड होते.

सत्कारात ही दुसरी माणसे दिसली पाहिजेत. फौंड्रीवाल्या मित्राला पहिल्या कर्जासाठी जामीन कोण राहिला? सरपंच मैत्रिणीची पहिली प्रचारपत्रके कोणी लिहिली? अधिकारी मित्राला स्पर्धा परीक्षेच्या काळात पुण्यात खोलीत कोणी ठेवून घेतले? ती माणसे बहुधा तुमच्याच तुकडीत आहेत. त्यांची नावे व्यासपीठावरून घेतली, तर टाळ्या वाजवणारे आणि टाळ्या घेणारे असे दोन गट राहणार नाहीत.

निवृत्त_अभियंता

लोणीची_वाट यांच्या मताशी पूर्ण सहमत. आमच्या भागातले याहून जुने उदाहरण देतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारामुळे सोडावी लागली. उद्योग अजून लहान होता, लोखंडी नांगराबद्दल शेतकरी साशंक होते, आणि कारखाना नेमका कुठे न्यावा हा प्रश्न होता. अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंधच्या देवळाच्या मंडपाच्या कामामुळे त्यांचा लक्ष्मणरावांशी परिचय झाला होता. त्यांनी कुंडलजवळची जमीन दिली, वर भांडवलासाठी कर्जाऊ रक्कम दिली आणि १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. माणसाच्या यशावर कोणीही विश्वास ठेवतो. पंतप्रतिनिधींनी यश दिसण्याआधी विश्वास ठेवला.

पुढे याच किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम भाऊराव पाटलांनी काही काळ केले आणि १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. या दोन गोष्टी मी आमच्या कारखान्यातल्या शिकाऊ मुलांना नेहमी सांगत असे.

मी स्वतः साचेकामात आयुष्य घालवले आहे. फौंड्रीचा मालक किती चांगला, हे त्याच्या साचा तयार करणाऱ्या कारागिराला विचारावे. वाळूतला ओलावा थोडा चुकला, तरी कास्टिंगमध्ये वायूची छिद्रे राहतात आणि माल परत येतो. माल परत आला की मालक कोणाला काय बोलतो, यावर त्या फौंड्रीचे नाव टिकते किंवा जाते. मित्राच्या सत्काराला त्याचा सर्वांत जुना साचेकारागीर बोलावला आणि त्याला दोन शब्द बोलायला लावले, तर त्या दिवशीचे तेच सर्वांत मोलाचे भाषण होईल.

घाटावरची

सरपंच मैत्रिणीबद्दल अजून कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहिते.

७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्मे झाले. हजारो बायका त्यामुळे कारभारात आल्या. तरीही सरपंचबाईंचा सत्कार म्हणजे काय होते, ते मी अनेकदा पाहिले आहे. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात, शाल दोघांनाही पांघरली जाते आणि आभाराचे भाषण यजमान करतात. एका कार्यक्रमात तर निवेदकाने बाईंचे नाव 'सौभाग्यवती' या शब्दानंतर यजमानांच्या नावानेच पुकारले. ती बाई त्या दिवशी पाणीयोजनेचा सगळा हिशेब तोंडपाठ घेऊन आली होती. तिला कोणी बोलायला सांगितले नाही.

तुम्ही वर्गमित्र आहात, तेव्हा तिला तिच्या नावाने हाक मारणारे तुम्हीच. यजमानांना सन्मानाने पहिल्या रांगेत बसवा, व्यासपीठावर ती एकटी असू द्या. तिने कोणते ठराव ग्रामसभेत मांडले, कोणत्या ठरावाला विरोध झाला आणि तरी तिने तो कसा मंजूर करून घेतला, हे तिला विचारा.

आणखी एक. ओटी भरून सत्कार करू नका. सभागृहात विधवा मैत्रिणीही असतील, आणि ओटी भरायची वेळ आली की त्या आपोआप मागे सरतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. हेरवाड तुमच्यापासून लांब नाही. सरपंचाच्या सत्कारात तरी त्या ठरावाचा मान राखावा.

मुळाकाठची

घाटावरची, हा प्रतिसाद मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवणार आहे.

वारणाकाठ

घाटावरची, आमच्या यादीत शाल आणि साडीचोळी लिहिलेली होती. साडीचोळी आजच वगळली. निवृत्त_अभियंता, साचेकारागिराची कल्पना मित्राच्या घरी अजून कळवलेली नाही, पण त्यांच्या फौंड्रीत अगदी सुरुवातीपासून असलेले एक काका आहेत, हे मला माहीत आहे.

आता एक अडचण मांडतो. तुकडीत वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते आहेत. सरपंच मैत्रिणीच्या विरोधी पॅनेलचे काम करणारा मित्रही आमच्यातच आहे. तो म्हणतो की, मी आनंदाने येईन, पण बोलायला उभे राहणे मला अवघड आहे.

जुनी_पाने

त्या मित्राने जरूर बोलावे, आणि सर्वांत आधी बोलावे.

टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचा वाद जन्मभर चालला. राजकारणाची रीत, सरकारशी वागणे, काँग्रेस कोणी चालवायची, कोणत्याच बाबतीत त्यांचे जुळले नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, तेव्हा टिळक सिंहगडावर होते. ते खाली आले आणि स्मशानात जमलेल्या लोकांपुढे त्यांनी गोखल्यांना भारताचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हणून गौरवले. त्यांचे अनुकरण करा, असेही त्यांनी लोकांना सांगितले. विरोधकाची साक्ष म्हणून त्या शब्दांचे वजन आजही कमी झालेले नाही.

हे शब्द ऐकायला गोखले नव्हते, याची मला नेहमी हळहळ वाटते. तुमची मैत्रीण समोर बसलेली असेल. विरोधी पॅनेलमधला मित्र उभा राहून म्हणाला की आमचे मत जुळत नाही, पण गावाचा हिशेब हिने चोख ठेवला, तर त्याहून मोठे मानपत्र तिला कोणी देऊ शकणार नाही.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत उद्योजकांचे सत्कार होतात आणि आमच्या स्थानिक मंडळातही होतात. आमच्याकडे एक चांगला पायंडा पडला आहे, तो सुचवतो. भाषणांऐवजी आम्ही प्रकट मुलाखत ठेवतो आणि मुलाखत घेणारा त्या माणसाचा जुना मित्र असतो.

गेल्या वेळी एका सॉफ्टवेअर उद्योजकाची मुलाखत त्याच्या वसतिगृहातल्या सोबत्याने घेतली. भाषणात तो उद्योजक केवळ यशाबद्दल बोलला असता. मित्राने त्याला पहिली कंपनी बंद पडली त्या वर्षाबद्दल विचारले आणि तो वीस मिनिटे त्याबद्दलच बोलला: देणी कशी फेडली, घरी काय सांगितले, कोणत्या भागीदाराने साथ सोडली नाही. सभागृहात व्यवसायात तोटा सोसलेले काही जण होते. कार्यक्रमानंतर ते त्याच्याभोवती बराच वेळ उभे राहून बोलत होते. चौकस यांनी विचारले होते की अपयश आलेल्यांनी कुठे बसायचे. आमच्याकडे ते त्या दिवशी सर्वांत पुढे होते.

गावकुस

पद्म पुरस्कारांचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आपल्या माहितीतल्या माणसाचे काम खरोखर त्या तोडीचे असेल, तर त्याचे नाव सुचवण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, २०२४ पर्यंत त्याची मुदत सहसा १५ सप्टेंबरपर्यंत असे आणि कामाचे वर्णन ८०० शब्दांत बसवावे लागते. सेवेतल्या शासकीय सेवकांना हा पुरस्कार मिळत नाही. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ मात्र त्याला अपवाद आहेत. २०२० च्या यादीत बियाण्यांचे जतन करणाऱ्या राहीबाई पोपेरे आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार या दोघांची नावे होती. अशी नावे दिल्लीपर्यंत पोहोचतात, कारण त्यांचे काम जवळून पाहिलेले कोणीतरी ते नीट लिहून काढते.

पुरस्कार मिळाल्यावर तो नावाआधी पदवीसारखा लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्या मित्रांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

सह्यवारा

गावकुस, ८०० शब्दांची मर्यादा मानपत्रालाही लावली, तर श्रोते दुवा देतील.

चौकस

दूरदेशी आणि लोणीची_वाट यांच्या प्रतिसादांनी माझ्या आक्षेपाचा बराचसा भाग दूर झाला, हे मान्य करतो. फक्त तिघांपुरता कार्यक्रम असू नये, हे माझे मत कायम आहे. ज्यांनी जामीन राहून, खोलीत ठेवून घेऊन, पत्रके लिहून मदत केली, त्यांची नावे नुसती घेऊ नका, मानपत्राच्या मजकुरात छापा. छापलेले राहते.

वारणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आमच्या तुकडीतील दहा-बारा जण इस्लामपुरात भेटले आणि हा सगळा धागा मी त्यांना वाचून दाखवला. ठरले ते असे.

अधिकारी मित्राने स्वतःच सांगितले की तो परवानगी मागणार नाही. त्याला मानपत्र नको आहे. तो सहकुटुंब येईल, आमच्याबरोबर पंगतीला बसेल, आणि त्याचा गौरव निवृत्तीनंतर होईल. दरम्यान महापुरातल्या त्याच्या कामाच्या आठवणी आम्ही आत्तापासून लिहून ठेवणार आहोत, म्हणजे त्या विसरल्या जाणार नाहीत.

बाकीच्या दोघांच्या प्रकट मुलाखती होतील. फौंड्रीवाल्या मित्राची मुलाखत त्याच्या पहिल्या कर्जाला जामीन राहिलेला वर्गमित्र घेईल. तो सध्या किराणा दुकान चालवतो, आणि आजवर त्याने ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाही सांगितली नव्हती. हा धागा वाचला नसता, तर आम्ही ती विचारलीही नसती. सरपंच मैत्रिणीबद्दल विरोधी पॅनेलमधला मित्र सर्वांत आधी बोलेल. काल त्याने होकार दिला. तिने एकच अट घातली आहे की पाणीयोजनेबद्दल बोलायला तिला पुरेसा वेळ मिळावा. तो मिळेल.

शाल प्रत्येकी एक, तीही घोंगडीच्या कापडाची, आमच्याच भागातल्या विणकराकडून. थैली नाही. वर्गणीतून उरेल ती रक्कम शाळेच्या प्रयोगशाळेला जाईल. मानपत्रे दोन, प्रत्येकी एका पानाची, आणि त्यांत मदत करणाऱ्यांची नावे छापली जातील. शब्दवेल, मजकूर तयार झाल्यावर आपण भाषा तपासून द्याल का?

शब्दवेल

आनंदाने देईन. मजकूर पाठवताना ज्या घटना आहेत त्यांची वर्षे पडताळून पाठवा.

निवृत्त_अभियंता

आणि ते साचेकारागीर काका?

वारणाकाठ

त्यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेत आहे. सत्कारमूर्तींच्या शेजारीच त्यांची खुर्ची असेल. रविवारी आम्ही तिघे-चौघे त्यांना रीतसर निमंत्रण द्यायला त्यांच्या घरी जाणार आहोत.